दातांच्या मॉडेलचं लेझर स्कॅनिंग: माप कुठवर भरवशाचं? (प्रकल्प नोंदी, जून ते डिसेंबर २०२४)

१० जून २०२४

आमच्या ऑर्थोडॉन्टिक्स (वाकडे दात सरळ करण्याच्या) विभागातली, पेशंटच्या दातांच्या प्लास्टर मॉडेलची कपाटं आता खरोखरच भरली आहेत. वरच्या खणांतल्या खोक्यांवरची शाई उडालेली, खालच्या खणांत दोन-दोन खोकी एकमेकांवर. विभागप्रमुख सरांनी आज बैठकीत सांगितलं की लेझर स्कॅनर आलेलाच आहे, तर जुनी सगळी स्टडी मॉडेलं स्कॅन करून घ्या आणि प्लास्टर काढून टाका. जागेची अडचण खरी आहे आणि कल्पनाही नवी नाही. अमेरिकेत ऑर्थोकॅड या सेवेची डिजिटल मॉडेलं १९९९ मध्येच वापरात आली.

पण एकदा फेकलेलं मॉडेल परत मोजता येत नाही. एखाद्या पेशंटचे दात काही वर्षांनी पुन्हा सरकले आणि उपचाराआधी दोन सुळ्यांमधलं अंतर किती होतं हे बघायची वेळ आली, तर फाइल सांगेल तेच मानावं लागणार. म्हणून फेकण्याआधी फाइलची परीक्षा झाली पाहिजे, असं मी बैठकीत बोलले. गाइड मॅडम म्हणाल्या, "मग तूच घे हा विषय थिसिसला."

प्रश्न असा मांडलाय: स्कॅनवर घेतलेलं माप आणि मॉडेलवर व्हर्निअरनं (दोन टोकांत धरून मोजायच्या कॅलिपरनं) घेतलेलं माप यांत फरक किती पडतो, कोणत्या दाताला पडतो, आणि त्या फरकामुळे उपचाराचा निर्णय बदलू शकतो का. मापं रोजच्या कामातलीच: एका बाजूच्या पहिल्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या पहिल्या दाढेपर्यंत प्रत्येक दाताची रुंदी, सुळ्यांमधलं आणि दाढांमधलं अंतर, ओव्हरजेट (वरचे पुढचे दात खालच्यांच्या किती पुढे आहेत ते), आणि शेवटी बोल्टनचं गुणोत्तर, म्हणजे खालच्या आणि वरच्या दातांच्या रुंदीच्या बेरजांचं प्रमाण.

१४ जून

स्कॅनरच्या माहितीपत्रकात "अचूकता २० मायक्रॉन" (म्हणजे ०.०२ मिमी) असं ठळक छापलंय. सिनॉप्सिसमध्ये (थिसिसच्या आराखड्यात) हा आकडा तसाच उतरवू नकोस, असं मॅडमनी बजावलं. कारण कळायला आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची दोन मानकं वाचावी लागली. आयएसओ १२८३६ हे दंत स्कॅनरच्या चाचणीचं मानक आहे. त्यात ठरावीक भूमितीच्या वस्तू स्कॅन करतात, म्हणजे ज्यांचं खरं माप आधीपासून माहीत आहे अशा. आपलं मॉडेल तसं नाही. त्याला खड्डे आहेत, फटी आहेत, चिकटलेले दात आहेत.

दुसरं आयएसओ ५७२५. त्यात अचूकतेचे दोन भाग केलेत. ट्रूनेस म्हणजे बऱ्याच मापांची सरासरी खऱ्या मापाच्या किती जवळ येते, आणि प्रिसिजन म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मोजली तर मापं एकमेकांपासून किती लांब पडतात. एखादं यंत्र दर वेळी तेच माप देईल आणि दर वेळी ०.१ मिमीनं जास्तच देईल. म्हणून आमच्या तक्त्यात दोन्हींसाठी वेगळे रकाने असतील.

आणि व्हर्निअर? त्याच्या पडद्यावर ०.०१ मिमीपर्यंत आकडा दिसतो, पण चांगल्या डिजिटल व्हर्निअरचीही कारखान्यानं मान्य केलेली चूक ±०.०२ मिमी असते. शिवाय टोकं दातावर नेमकी कुठे टेकवली ते वेगळंच. व्हर्निअरला "खरं माप" म्हणायचं नाही असं ठरलं. ती तुलनेची जुनी पद्धत आहे, एवढंच तिचं स्थान.

२१ जून

आज स्कॅनर उघडून त्याचं काम समजून घेतलं. लेझरची एक बारीक रेघ मॉडेलवर पडते. कॅमेरा बाजूनं, ठरलेल्या कोनातून ती बघतो. पृष्ठभाग उंच असेल तर रेघ कॅमेऱ्याला एका बाजूला सरकलेली दिसते, खोल असेल तर दुसऱ्या बाजूला. लेझर, कॅमेरा आणि तो बिंदू यांचा त्रिकोण सोडवला की उंची मिळते. टेबल फिरतं, कलतं, रेघ सरकत जाते आणि लाखो बिंदू जमा होतात.

यातूनच कमकुवत जागाही कळतात. लेझर आणि कॅमेरा दोघांनाही जी जागा दिसते तिथलाच बिंदू मिळतो. दोन दातांच्या मधल्या अरुंद फटीत रेघ पोचते पण कॅमेऱ्याला शेजारचा दात आडवा येतो, किंवा याच्या उलट होतं. दोन कॅमेरे असले की त्रास कमी होतो, संपत नाही. दुसरी जागा धारदार कडांची. पटाशीच्या दाताच्या कडेवर रेघ अर्धी दातावर आणि अर्धी पलीकडे पडते, मग सॉफ्टवेअरला रेघेचा मध्य थोडा चुकीच्या जागी सापडतो आणि कड गोलसर होते.

म्हणजे दाताची रुंदी जिथे मोजायची, तो संपर्कबिंदूच स्कॅनरला सगळ्यात अवघड आहे. पुढच्या सगळ्या कामात हे डोक्यात ठेवायचं.

३ जुलै

पावसानं जोर धरलाय. लॅबमधल्या मामांनी आज एक मॉडेल माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हात लावून बघा डॉक्टर. गार लागतंय का न्हाई? गार लागतंय म्हंजे अजून वलंच हाय." काल ओतलेलं मॉडेल होतं. त्यातलं पाणी अजून उडत होतं, म्हणून गार. त्याचं स्कॅन करून बघितलं तर दाढेच्या सपाट भागावर बारीक खरखर दिसली. तेच मॉडेल पूर्ण वाळल्यावर ती गेली. ओल्या पृष्ठभागावर प्रकाश वेगळा परततो. नियम ठरला: हाताला गार लागणारं मॉडेल स्कॅनरमध्ये जाणार नाही.

साबणाच्या पाण्यात बुडवून चकाकी आणलेल्या मॉडेलांचाही असाच त्रास आहे. परीक्षेत दाखवायला ती छान दिसतात, पण लेझरची चमक कॅमेऱ्यात जाते. पावडर फवारून चमक मारता येते, मात्र पावडरचा स्वतःचा थर मापात मिळतो. आम्ही फवारणार नाही. चकाकीची मॉडेलं अभ्यासातून वगळली.

मामांकडून ओतकामाचीही नोंद घेतली. अल्जिनेटचं इम्प्रेशन (तोंडात मऊ लगदा दाबून घेतलेला दातांचा साचा) उघडं राहिलं तर पाणी सोडून आकसतं, पाण्यात राहिलं तर पाणी पिऊन फुगतं, म्हणून ते ओल्या कापडात गुंडाळून लगेच ओतायचं. पिवळा स्टोन १०० ग्रॅमला साधारण ३० मिलि पाणी, पांढरं प्लास्टर ४५ ते ५०. स्टोन घट्ट होताना थोडा पसरतो. या स्टोनला, म्हणजे टाइप तीनला, ०.२ टक्क्यांपर्यंतचा पसारा मानकात मान्य आहे. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं. १० मिमीच्या दाढेला त्याचे ०.०२ मिमी होतात, पण दाढांमधल्या ५० मिमीला ०.१ मिमी. स्कॅनरच्या २० मायक्रॉनच्या पाचपट चूक प्लास्टरमध्ये आधीच बसलेली असू शकते!

आमचा अभ्यास मात्र मॉडेलपासून पुढचा आहे. तोंड ते मॉडेल या टप्प्यातली चूक स्कॅनर आणि व्हर्निअर दोघांनाही सारखीच मिळते. हे सिनॉप्सिसमध्ये स्पष्ट लिहायचं, नाहीतर वाचणारा समजेल की आम्ही पेशंटच्या दातांची अचूकता तपासतोय.

१५ जुलै

स्कॅनरचा ट्रूनेस तपासायचा तर ज्याचं माप नक्की माहीत आहे अशी वस्तू हवी. शिकागोतल्या कुस्नोतो आणि इव्हान्स यांनी २००२ मध्ये लेझर स्कॅनरची विश्वासार्हता तपासताना साध्या भौमितिक वस्तूचं मापही घेतलं होतं. तोच रस्ता बरोबर वाटला.

कोल्हापुरात हे सोपं गेलं. शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मावसभाऊ क्वालिटीत आहे. फाउंड्रीतून आलेले इंजिनाचे भाग मोजण्यात त्याचा दिवस जातो. दादानं आधी बेअरिंगचे स्टीलचे गोळे देऊ केले, पण त्यांवर लेझर नुसता चमकेल म्हणून पांढरे मॅट सिरॅमिकचे गोळे शोधले. स्टीलच्या जाड पट्टीवर दोन गोळे बसवले, मध्यापासून मध्यापर्यंत साधारण ४० मिमी, म्हणजे जबड्याच्या मापाच्या जवळपास.

मग त्यांच्या सीएमएमवर, म्हणजे प्रोबनं बिंदू शिवून मापं घेणाऱ्या यंत्रावर, मोजणी. ग्रॅनाइटचं टेबल, प्रोबच्या टोकाला रूबीचा बारीक गोळा, आणि खोलीचं तापमान २० अंश, कारण लांबीच्या मापाचं जगभरचं प्रमाण तापमान तेच आहे. दादा म्हणाला, "तुमच्या खोलीत २० अंश असतंय का?" नसतं, २८ च्या आसपास असतं. त्यानं कागदावर हिशेब मांडला: स्टील एका अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं, तर ४० मिमीला ८ अंशांत ४ मायक्रॉनसुद्धा होत नाहीत. तेवढी चूक आम्हाला चालते. चालते हे माहीत असणं मात्र हवंच. त्यांच्या यंत्राला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी भारतातली संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र आहे, त्याची प्रत थिसिसला जोडणार.

आमच्या विभागात व्हर्निअरचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं याचा कागद कुणाकडे सापडला नाही. तो व्हर्निअरही दादाकडे तपासायला दिलाय.

२९ जुलै

गोळ्यांची पट्टी स्कॅन केली. मध्यांमधलं अंतर माहितीपत्रकातल्या आकड्याच्या आत बसलं, तेही पट्टी टेबलावर वेगवेगळ्या दिशांना ठेवून. स्कॅनर चांगला आहे, हे आधीच लिहून ठेवते.

पण या चाचणीत यंत्राला एक मोठी सवलत मिळते. गोळ्याचा मध्य हजारो बिंदूंवरून काढला जातो. एकेका बिंदूची चूक इकडे-तिकडे असली तरी सगळे मिळून मध्य पक्का बसवतात. दाताच्या रुंदीला अशी सोय नाही. तिथे एक बिंदू या बाजूला, एक त्या बाजूला, आणि त्या दोघांची सगळी चूक थेट मापात येते.

आणखी एक बाब: स्कॅनर सुरू केल्यावर लगेच घेतलेली मापं आणि तासाभरानंतरची मापं यांत बारीक पण एकाच दिशेचा सरकाव दिसतो. लेझर आणि कॅमेरा तापून स्थिर व्हायला वेळ लागतो. सकाळी आल्या आल्या स्कॅनर चालू करायचा आणि ओपीडी संपल्यावरच मापं घ्यायची.

८ ऑगस्ट

दोन चुका वेगळ्या करायच्या आहेत: यंत्राची, आणि बिंदू निवडणाऱ्या माणसाची. त्यासाठी टायपोडाँटवरून (सरावाच्या कृत्रिम दातांच्या जबड्यावरून) एक मॉडेल ओतलं आणि त्याच्या दातांवर ०.६ मिमीच्या गोल बरनं (दाताच्या ड्रिलच्या टोकानं) बारीक खळगे पाडले. मोजायचे ते खळगेच. "संपर्कबिंदू नेमका कुठे" हा वाद संपला. पेन्सिलच्या खुणा इथे कामाच्या नाहीत, कारण आमचा स्कॅनर फक्त आकार टिपतो, रंग टिपत नाही.

खळग्यांवर व्हर्निअर आणि स्कॅन जवळपास एकच बोलतात. आता त्याच पद्धतीनं, खळगे नसलेल्या खऱ्या मॉडेलांवर काय होतं ते बघायचं. जो फरक वाढेल तो माणसाचा आणि दाताच्या आकाराचा.

२० ऑगस्ट

आज जवळजवळ सगळा दिवस एकाच मॉडेलवर गेला, आणि गेला ते बरं झालं. खालचे पुढचे दात गर्दीचे. डावीकडचा बाजूचा दात मधल्या दाताच्या मागे गेलेला.

आधी प्लास्टर हातात घेऊन भिंगाखाली बघितलं. दोन दातांच्या मधे अल्जिनेटचा पापुद्रा इतका पातळ असतो की इम्प्रेशन काढताना तो फाटतो, आणि त्या जागी प्लास्टर भरतं. त्यामुळे मॉडेलवर दोन दात संपर्काच्या ठिकाणी जोडलेलेच असतात. तोंडात जी जागा आहे ती मॉडेलवर नाहीच. व्हर्निअरची टोकं कितीही घासून बारीक केली तरी शेवटी आपण अंदाजानंच थांबतो.

मग तेच स्क्रीनवर. सॉफ्टवेअरनं दिलेलं चित्र सुंदर होतं, फट गुळगुळीत, कुठे भोक नाही. सेटिंगमध्ये जाऊन भोकं बुजवण्याचा पर्याय बंद केला आणि तिथे काळी चीर उघडी पडली. बाजूच्या दाताची मागची कड जिथे मधल्या दाताला टेकते ती अख्खी जागा स्कॅनरनं बघितलीच नव्हती. पुन्हा पर्याय चालू करून जाळीचं चित्र लावलं, म्हणजे पृष्ठभाग ज्या छोट्या त्रिकोणांनी बनतो ते दिसतात. स्कॅन झालेल्या भागावर बारीक, एकसारखे त्रिकोण. बुजवलेल्या भागावर लांब, ताणलेले, मोठे त्रिकोण, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर गेलेले. एकदा हे बघितलं की जाळीत बनावट भाग लगेच ओळखू येतो.

म्हणजे दाताची रुंदी मोजताना मी सॉफ्टवेअरनं कल्पलेल्या पृष्ठभागावर बिंदू ठेवू शकते, आणि स्क्रीनवर ०.०१ मिमीपर्यंतचा आकडा ठसठशीत दिसेल. हे मला फार गंभीर वाटतं. चुकीचा आकडा बरोबर आकड्यासारखाच दिसतो.

मॅडमना दाखवलं. ठरलं ते असं: प्रत्येक मॉडेलचं भोकं न बुजवलेलं मूळ स्कॅन जपून ठेवायचं, कलते कोन वाढवून जास्तीचं स्कॅन घ्यायचं, आणि तरीही संपर्काची जागा उघडीच राहिली तर त्या दातापुढे तक्त्यात "अंदाजे" असा शेरा.

५ सप्टेंबर

परवा गणपती. त्याआधी मापांचा क्रम ठरवून टाकला. प्रत्येक मॉडेलचं आधी स्कॅन, मग व्हर्निअर. उलटं करायचं नाही, कारण व्हर्निअरची टोकं प्लास्टरवर घासतात. एकाच दाढेवर पुन्हा पुन्हा व्हर्निअर लावला तर संपर्काशी बारीक चकाकणारा ओरखडा येतो, म्हणजे तिथलं प्लास्टर थोडं गेलेलं असतं. पाठोपाठ माप घेताना आधीचा आकडा डोळ्यांसमोर राहू नये म्हणून मॉडेलांचा क्रम दर वेळी बदलायचा आणि जुना तक्ता कपाटात.

२४ सप्टेंबर

एकच फाइल, पण बिंदू ठेवणारे हात वेगवेगळे. आमच्या बॅचचे आणि ज्युनिअर असे सगळे बसवले. फाइल बदलत नाही, स्कॅनर मधे येत नाही, त्यामुळे जो फरक दिसेल तो सगळा बोटांचा आणि नजरेचा.

वरच्या पहिल्या दाढेच्या रुंदीला एकानं १०.४ धरलं, दुसरीनं १०.१. दोघंही चांगलं काम करणारे. दोघांना शेजारी बसवून विचारलं तेव्हा कारण कळलं. एकानं दाढ वरून बघून बिंदू ठेवला, दुसरीनं बाजूनं. वरून बघताना जी सगळ्यात बाहेरची कड दिसते ती संपर्काच्या उंचीवर असेलच असं नाही.

आणखी दोन गोष्टी लक्षात आल्या. स्क्रीनवर खूप झूम केलं की काम नेमकं होतंय असं वाटतं, पण कस्पचं (दाढेवरच्या उंचवट्याचं) टोक पसरून सपाट मैदान होतं आणि टोक कुठलं तेच हरवतं. दुसरी गोष्ट: पर्स्पेक्टिव्ह दृश्यात (जवळचं मोठं, लांबचं लहान दिसतं त्यात) क्लिक केलं तर बिंदू कधी कडेवरून निसटून मागच्या दातावर पडतो, आणि माप अचानक मोठं येतं. मॉडेल फिरवून बघितल्याशिवाय ते कळत नाही.

आता सगळ्यांना एकच सूचना: ऑर्थोग्राफिक दृश्य (लांब-जवळचा फरक न दाखवणारं), झूम ठरलेला, आधी वरून बिंदू ठेवायचा, मग मॉडेल फिरवून बाजूनं तपासायचा, मगच आकडा लिहायचा. सरावासाठी प्रत्येकाला टायपोडाँटचं मॉडेल दिलं. सूचनेनंतरची मापं एकमेकांच्या बरीच जवळ आली. माझ्या मते या अभ्यासात सगळ्यात कामाची हीच गोष्ट निघणार. नवा स्कॅनर घेऊन जेवढी अचूकता वाढली नसती तेवढी अर्ध्या पानाच्या सूचनेनं वाढली.

९ ऑक्टोबर

स्टॅटिस्टिक्सच्या सरांकडे गेले होते. या विषयावरच्या बऱ्याच पेपरात "दोन पद्धतींचा सहसंबंध ०.९ च्या वर, म्हणून पद्धत विश्वसनीय" असं लिहिलेलं असतं. सर म्हणाले, "शिंप्याची टेप ताणली गेली तर सगळ्यांचीच मापं कमी येतील, पण उंच माणूस उंचच राहील. सहसंबंध उत्तम, आणि सदरे सगळे तोकडे."

म्हणून ब्लँड आणि ऑल्टमन यांची १९८६ ची, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातली पद्धत. प्रत्येक दातासाठी दोन्ही मापांतला फरक काढायचा, आणि तो त्यांच्या सरासरीसमोर मांडायचा. फरकांची सरासरी म्हणजे एका दिशेचा कल. तिच्या दोन्ही बाजूंना १.९६ प्रमाण विचलन घेतलं की एखाद्या दाताला फरक कुठवर जाऊ शकतो ते, म्हणजे पसारा, दिसतो. डॉक्टरला तेच हवं असतं. समोर बसलेल्या एका पेशंटसाठी सरासरीला काही अर्थ नसतो.

पुनरावृत्तीसाठी डालबर्गचं १९४० चं सूत्र: त्याच दाताच्या दोन मापांमधल्या फरकांचे वर्ग करून बेरीज, भागिले मॉडेलांच्या संख्येची दुप्पट, आणि त्याचं वर्गमूळ. जुनं आहे, सोपं आहे, आणि ऑर्थोमध्ये सगळे वाचू शकतात.

२१ ऑक्टोबर

आज मापं घेतली नाहीत, नुसता विचार केला. एका दाताला ०.०५ मिमीची चूक म्हणजे काय? एका जबड्यात पहिल्या दाढेपासून पहिल्या दाढेपर्यंत १२ दात. चूक कधी वर, कधी खाली अशी असेल तर बारांच्या बेरजेत ती ०.०५ गुणिले १२ चं वर्गमूळ, म्हणजे साधारण ०.१७ मिमी. तीच चूक दर वेळी एकाच दिशेला असेल तर सरळ ०.६ मिमी. दाताला एकाच आकड्याची चूक आणि बेरजेत साडेतीन पट फरक! म्हणून कल आणि पसारा वेगळे लिहिण्याचा आग्रह.

मग बोल्टन. वेन बोल्टनचं १९५८ चं गुणोत्तर: खालच्या १२ दातांची बेरीज भागिले वरच्या १२ ची, सरासरी ९१.३ टक्के, प्रमाण विचलन १.९१. पुढच्या सहा-सहा दातांचं ७७.२. समजा खाली ८५ मिमी आणि वर ९३ मिमी. गुणोत्तर ९१.४०. दोन्ही बेरजा ०.६ नं वाढल्या तर ९१.४५. काहीच बिघडलं नाही, कारण चूक अंशात आणि छेदात दोन्हीकडे आहे.

जागेच्या हिशेबात मात्र अशी सुटका नाही. तिथे दातांच्या बेरजेतून कमानीची (जबड्यात दातांना असलेल्या जागेची) लांबी वजा करतात. बेरीज ०.६ नं फुगली आणि कमानीचं माप तेच राहिलं, तर ०.६ मिमी गर्दी कागदावर आपोआप वाढली. एवढ्यानं कुणी दात काढणार नाही, पण सीमारेषेवरच्या केसमध्ये आणखी एखाद्या चुकीशी ती मिळाली तर? या विषयावरचे पेपर बहुतेक बोल्टनवर थांबतात. आम्ही जागेचा हिशेबही घालणार, मॅडमनी होकार दिला.

११ नोव्हेंबर

दिवाळीनंतर पुन्हा सुरुवात. बाहेरच्या एका व्यावसायिक लॅबकडून त्याच टायपोडाँट मॉडेलचं स्कॅन करून आणलं. फाइल आटोपशीर, उघडायला हलकी. हलकी का, ते आकारावरून कळलं. बायनरी एसटीएलमध्ये (स्कॅनच्या त्रिकोणांच्या फाइलचा नेहमीचा प्रकार) सुरुवातीचे ८४ बाइट आणि पुढे प्रत्येक त्रिकोणाला ५०, म्हणजे २ लाख त्रिकोणांची फाइल साधारण १० एमबीची होते. आलेली फाइल त्याहून बरीच लहान होती. त्यांच्या सॉफ्टवेअरनं त्रिकोण कमी करून पृष्ठभाग गुळगुळीत केलेला. खळग्यांच्या कडा विरघळल्या होत्या आणि सुळ्याचं टोक बोथट झालं होतं. विचारल्यावर त्यांनी मूळ फाइल लगेच पाठवली, ती चांगली निघाली. स्कॅन करून घेताना "मूळ फाइल, त्रिकोण कमी न करता" असं लेखी मागायचं.

एसटीएलमध्ये एकक लिहिलेलं नसतं हेही इथेच नोंदवते. फाइल मिलिमीटरमधली आहे हे फाइलच्या नावातच घालायचं.

२६ नोव्हेंबर

एकाच मॉडेलची दोन स्कॅनं एकमेकांवर बसवून रंगीत नकाशे काढले. हिरवं म्हणजे जुळलं, लाल वर, निळं खाली. सादरीकरणात हे नकाशे फार देखणे दिसतात, पण वाचताना सावध राहावं लागतं. सॉफ्टवेअर दोन पृष्ठभाग असे बसवतं की एकूण फरक कमीत कमी दिसावा. त्यामुळे एका दाढेपाशी खरी चूक असली तरी ती सगळ्या कमानीवर थोडी थोडी वाटली जाते. शिवाय लाल आणि निळं एकमेकांना खातात आणि सरासरी शून्याजवळ येते. म्हणून सरासरी लिहायचीच नाही. फरकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ लिहायचं, त्यात वजाबाकी होत नाही.

९ डिसेंबर

निकाल मॅडमना आणि सरांना दाखवले. सरळ रांगेतल्या दातांना स्कॅन आणि व्हर्निअर यांतला फरक उपचाराच्या दृष्टीनं नगण्य. सुळ्यांमधलं आणि दाढांमधलं अंतर स्कॅनवर व्हर्निअरपेक्षाही जास्त स्थिर, कारण तिथे टोकं अडत नाहीत. गर्दीच्या पुढच्या दातांना पसारा स्पष्ट वाढतो, आणि "अंदाजे" शेऱ्याचे दात वगळले की तो बराच खाली येतो. ही वाढ कुठून येते हेही आता दाखवता येतं: गोळ्यांच्या पट्टीवर फरक सगळ्यात कमी, खळग्यांवर थोडा जास्त, खऱ्या दातांवर सगळ्यात जास्त. यंत्र तिन्ही ठिकाणी तेच होतं.

सरांनी विचारलं, "मग एका वाक्यात सांग, स्कॅनरची अचूकता किती लिहायची?" मी म्हटलं, सर, एक आकडा लिहू नये. कोणतं माप, कोणता दात, कोणी आणि कशी सूचना पाळून घेतलं, हे सोबत असेल तरच आकड्याला अर्थ आहे. त्यांनी मान्य केलं आणि विभागाच्या नोंदवहीत नियम लिहून घेतले.

प्रत्येक मॉडेलचं मूळ स्कॅन, भोकं न बुजवता, दोन वेगळ्या ठिकाणी जपायचं. गोळ्यांची पट्टी दर सोमवारी स्कॅन करून आकडा तारखेसह लिहायचा. स्कॅन झालेल्या मॉडेलवर दाढांमधलं अंतर व्हर्निअरनं घेऊन फाइलशी ताडून बघायचं, जुळलं तरच ते मॉडेल काढायच्या यादीत. तीव्र गर्दीच्या, शस्त्रक्रियेच्या आणि "अंदाजे" शेऱ्याच्या केसेसची प्लास्टर मॉडेलं ठेवायची. दुभंगलेल्या ओठ आणि टाळूच्या मुलांची मॉडेलं एकही काढायची नाही. वाढत्या वयात टाळू कसा बदलत गेला याचा तो एकमेव पुरावा आहे, आणि खोल टाळूच्या भिंतींवर आमच्या स्कॅनला अजूनही भोकं पडतात. त्या कपाटाच्या नियमावर सरांनी वेगळी सही केली.

मामांनी वरच्या खणातल्या खोक्यांवर नवे नंबर टाकायला घेतलेत. ज्युनिअर्सना बिंदू ठेवण्याची सूचना आणि सरावाचं मॉडेल या आठवड्यात द्यायचं आहे, त्यानंतरच पहिली खेप स्कॅनला जाईल.